जैसलमेरला निघालेली काड्यांची मोळी

“मन्या काड्या कोठे शेतस?”

माझ्या काड्या कुठे आहेत, असं अक्का ओरडली तेव्हा तिच्यापुढे अख्खं थरचं वाळवंट पसरलेलं होतं. खोटं वाटलं तर सोडून द्या, पण समोरच्या टेकडीची वाळू वीतभर खाली घसरली. बसलेले उंट उभे राहिले, उभे होते ते बसले. तंबूवाल्यांचा ढोलकीवाला आमच्या स्वागताला थाप मारणार होता, त्याचा हात वर गेला तो वरच राहिला.

अक्का बसच्या मागच्या शिडीला धरून उभी होती आणि टपाकडे बघत होती. टपावर बॅगा होत्या, पाण्याचे जार होते, कोणाची तरी घडीची खाट होती. नव्हती ती फक्त तिची मोळी. पारोळा तालुक्यातल्या तिच्या स्वतःच्या शेतातल्या कपाशीच्या वाळलेल्या काड्यांची मोळी, जिने आमच्याबरोबर उदयपूर पाहिलं, माउंट अबू पाहिलं, जोधपूरचा किल्ला पाहिला, आणि जी आता वाळवंटाच्या तोंडाशी येऊन गायब झाली होती.

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान आणि या सहलीचे मालक, माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून थंडीत तिथे कळ येते.

“शालकबुवा, संपलं,” ते म्हणाले. “सोमवारपासून दुकान.”

हे दुकान म्हणजे माझ्या वडिलांचं धुळ्यातलं खतं-बियाण्यांचं दुकान. भाऊजींनी तोवर शेळ्या पाळून पाहिल्या होत्या, त्या त्यांच्याच केळीत शिरल्या. ठिबकच्या नळ्या विकून पाहिल्या, त्या उंदरांना फार आवडल्या. मग त्यांना सहलींचा ध्यास लागला. वडिलांनी सगळ्यांसमोर सांगितलं, “ही एक सहल करा. जमली तर पुढच्याही करा. नाही जमली तर परत आल्यावर सोमवारी माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसायचं.” तो स्टूल मला ठाऊक आहे, मी त्यावर बरीच वर्षं काढली आहेत. त्याचा एक पाय आखूड आहे, तो वडिलांच्या बरोबर नजरेखाली येतो, आणि त्यावर बसलेल्या माणसाने दिवसभरात फक्त एकच विषय बोलायचा असतो: कोणत्या अळीला कोणतं औषध. भाऊजींसारखा बडबड्या माणूस तिथे आठवड्यात सुकून गेला असता. शिवाय ते स्टुलावर आले की माझी रवानगी मागच्या गोदामात, औषधांच्या वासात. म्हणून मी त्यांच्याबरोबर बिनपगारी व्यवस्थापक म्हणून गेलो. लोकांना वाटलं, किती हा जीव मेहुण्यावर. मी वाटू दिलं.

सहल जमली की नाही हे ठरवणार कोण, तर अक्का. ती नात्याने आमची कोणी नव्हे. ती सगळ्या तालुक्याचीच अक्का. तिच्या भजनी मंडळातल्या बायका जिथे जातात तिथे त्यांच्या लेकीसुना जातात, आणि मग जावयांना वेगळं विचारावं लागत नाही. अक्का कधी कोणाचं कौतुक करत नाही. ती परत जाते, किंवा जात नाही, एवढंच. एका साडीच्या दुकानातून बाहेर पडताना ती नुसतं “ठीक शे” म्हणाली होती. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एका चक्कीवाल्याला ती दर दळणाला शिव्या घालते. त्याने दुसरा मजला चढवला.

तर अशी अक्का आपल्या बायका घेऊन सहलीला आली, पण एका अटीवर. दर हिवाळ्यात तिच्या शेतात भरीत पार्टी होते. आमच्या खानदेशात लग्न पुढे ढकलतात, भरीत पार्टी ढकलत नाहीत. यंदा सहल नेमकी त्याच दिवसांत आली. भाऊजी हात जोडून म्हणाले, “अक्का, पार्टी आल्यावर करू.” अक्काने थोडा विचार केला आणि निकाल दिला की पार्टी सहलीबरोबर येईल. वाळवंटात जागा मोकळी असते असं तिने ऐकलं होतं.

निघायच्या दिवशी ती बसपाशी आली ती दोन पोती हिरवी, लांबट वांगी आणि काड्यांची मोळी घेऊन. भाऊजी म्हणाले, “अक्का, तिकडे गॅस असतो.” अक्काने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी गॅसचा शोध स्वतःच लावला आहे आणि आता माफी मागायला हवी. वांगं गॅसवर शेकलं जातं, भाजलं जात नाही. ते भाजायचं तर कपाशीच्याच काड्यांवर. हे तिचं मत नव्हतं, निसर्गनियम होता.

“मोयी मनाजोडे राहू दे,” ती म्हणाली. मोळी माझ्याजवळ राहू दे. पण ती मोळी सीटशेजारी ठेवली असती तर चालायच्या वाटेवर जंगल झालं असतं. भाऊजींनी गोड बोलून ती टपावर चढवली. अक्का खिडकीत बसली आणि मध्य प्रदेशाची हद्द येईपर्यंत दर गावाला मान बाहेर काढून वर बघत राहिली.

बसमध्ये अक्काच्या बायकांखेरीज इतरही मंडळी होती, आणि त्यांचे पुढारी होते नाना. भुसावळला रेल्वेत उभा जन्म काढलेले, आणि उन्हाच्या बाबतीत कोणालाही हार न जाणारे. सहलीच्या आधी भाऊजींनी सगळ्यांना निरोप पाठवला होता की स्वेटर, शाली घ्या, राजस्थानात थंडी असते. नानांनी तो निरोप सगळ्यांना वाचून दाखवला आणि लोक पोट धरून हसले.

“वाळवंटात थंडी?” नाना म्हणाले. “अरे, आम्ही भुसावळची माणसं. मी मे महिन्यात फलाटावर पापड वाळत घातले होते, ते तळून निघाले.”

“तेल कुठून आलं, नाना?” मी विचारलं.

“तेल नव्हतं. म्हणून तर जरा कोरडे लागले.”

झालं. एकानेही स्वेटर घेतला नाही. टोप्या मात्र सगळ्यांनी घेतल्या, आणि कांदे. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतात, तसे डिसेंबरात सगळ्यांच्या खिशात कांदे.

उदयपूरला आमच्यात गाईड आला. डोक्यावर साफा, मिशा कानापर्यंत, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याला टाळी पडलीच पाहिजे. त्याने तलाव दाखवला आणि टाळीसाठी थांबला. नाना म्हणाले, “छान आहे. हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा या एकदा आमच्याकडे.” त्याने राजवाडा दाखवला. अक्काने दालनं पाहिली, गच्च्या पाहिल्या, आरशांच्या भिंती पाहिल्या आणि एवढंच विचारलं, “हाई बठ्ठं झाडस कोन?” हे सगळं झाडतं कोण, या प्रश्नावर गाईड पुन्हा पहिल्या राजापासून सुरू झाला. त्याला राजांची नावं पाठ होती.

माउंट अबूला आमची मंडळी सूर्यास्त पाहायला हॉटेलच्या रजया पांघरून गेली. रस्त्याने अशी रांग निघाली की लोकांना वाटलं एखाद्या पंथाची यात्रा आहे; दोघातिघांनी नानांच्या पायाही पडून घेतलं. नानांनी आशीर्वाद दिले. दात वाजत असल्यामुळे ते मंत्रासारखे वाटले.

जोधपूरच्या किल्ल्यावर गाईडने सगळी ताकद लावली. भिंती किती उंच, तोफा किती जड, वेढे किती पडले. श्वास घ्यायला तो थांबला तेवढ्यात नाना म्हणाले, “आमच्या सोनगीरलाही किल्ला आहे. त्याला गाडीसुद्धा थांबवावी लागत नाही. हायवेवरून जाता जाता होऊन जातो.”

“आमचा तर गावातच आहे,” पारोळ्याची एक बाई म्हणाली. “बाजाराला गेलं की होतो.”

आणि जेवायला रोज दाल-बाटी. आता आमच्या घरात वरण-बट्टी पाहुणे आले की होते, पाहुणे गेले की आनंदाने होते. आणि इथे गाईड ताट पुढे ठेवून जगात कोणी न पाहिलेला पदार्थ असल्यासारखी तिची माहिती सांगत होता. अक्काने बट्टी फोडली, आत बोट घातलं आणि शेजारणीला ती दाखवली. शेजारणीने मान हलवली. दुसऱ्या मुक्कामाला अक्का सरळ स्वयंपाकघरात गेली. काय बोलणं झालं ठाऊक नाही, पण त्या रात्रीची बट्टी मऊ होती आणि आचारी आम्हाला वाढायला बाहेर आला नाही.

गाईडचा धीर सुटला. तो भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाला, “साहब, ये लोग खुश क्यों नहीं होते?”

“खूशच आहेत,” भाऊजी म्हणाले. “नाखूश झाले तर गप्प बसतील.”

हे मात्र भाऊजी अगदी खरं बोलले. पुढे ते त्यांच्याच अंगाशी आलं.

मोळीचं काय झालं ते आता सांगतो. बसच्या टपावर लाकडांची मोळी, वर दोरीने आवळून पांढरं कापड टाकलेलं, आणि आत थंडीने नाकापर्यंत टॉवेल गुंडाळून बसलेली माणसं. रस्त्याच्या कडेचे लोक उठून उभे राहायचे. काहीजण हात जोडायचे. आम्हाला वाटलं, किती ही राजस्थानची अगत्यशील माणसं, पाहुण्याला नमस्कार करतात. आम्हीही हात जोडायचो. एका टोलनाक्यावर तिथल्या माणसाने खिडकीशी येऊन हळूच विचारलं, “कौन गया, बाबूजी?”

नाना म्हणाले, “अजून कोणी नाही. पण सहल बाकी आहे.”

गाईडने ते ऐकलं आणि त्याच्या मिशा खाली आल्या. अशा गाडीबरोबर मी पुढे येणार नाही, म्हणाला. आता वाळवंटाच्या दाराशी गाईड पळाला तर भाऊजी मंडळींना काय दाखवणार होते? वाळू? म्हणून जोधपूरच्या हॉटेलात सकाळी त्यांनी गुपचूप मोळी उतरवली आणि मागच्या अंगणात अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवणाऱ्याला देऊन टाकली. कपाशीच्या काड्या त्या, भडाभडा पेटल्या. अशी धग त्या बंबाने जन्मात पाहिली नव्हती. त्याची तोटी शिट्टी वाजवू लागली. नानांना वाटलं गाडी सुटली, ते टॉवेलवरच बाहेर आले आणि अंगणात काय जळतंय ते पाहून मुकाट आत गेले.

अंघोळ करून अक्का बाहेर आली. चेहरा लाल, केस मोकळे. सबंध सहलीत तिच्या तोंडून निघालेले पहिले भले शब्द तेव्हा निघाले.

“आज पानी मस्त तापेल व्हतं.”

भाऊजींनी मान खाली घातली. मी चहा आणायला गेलो.

तर आता आपण पुन्हा वाळवंटात. अक्का शिडीला धरून उभी, टप रिकामा, ऊन कलायला लागलेलं. भाऊजी म्हणाले, “अक्का, त्याचं असं झालं...” आणि कसं झालं ते त्यांना सुचेना. वारा असेल, चोर असतील, राजस्थान सरकार असेल. ते एकेक विचार करत होते ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणालो, “वाटेत कुठेतरी दोरी सुटली असेल.”

नाना रेल्वेतले. गाडी उशिरा येणार असली तर तसं सांगून टाकायचं, ही त्यांची जन्माची सवय.

“अक्का,” ते म्हणाले, “सकाळी तुम्ही अंघोळ केली ना, ती त्याच काड्यांची.”

अक्काने एकदा भाऊजींकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मनगटं उलटीपालटी करून. वांग्यांच्या पोत्यापाशी गेली, पदर खोचून वाळूत बसली आणि गप्प झाली.

ती गप्प झाली म्हणून मंडळातल्या बायका गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या म्हणून त्यांचे नवरे गप्प झाले. ढोलकीवाल्याने थाप मारून पाहिली, पण कोणी तिकडे बघेना, तेव्हा तोही ढोलकी मांडीवर घेऊन बसला. गाईड भाऊजींना म्हणाला, “आज सब शांत हैं. अच्छा लगा ना इनको?” भाऊजींना समोर स्टूल दिसत होता.

मग ते एकदम उठले आणि उंटवाल्याकडे गेले. वाळवंटात जळण कुठे मिळतं, एवढंच त्यांनी विचारलं. उंटवाल्याने क्षितिजाकडे हात केला. तिकडे वाळकी झुडपं असतात, म्हणाला, पण सूर्य बुडायच्या आत यायचं तर उंटावरून जावं लागेल. भाऊजी शेळीवरूनही पडलेले आहेत. तरी ते चढले. उंट आधी मागून उठला, तेव्हा भाऊजी त्याच्या मानेवर गेले. मग पुढून उठला, तेव्हा शेपटीवर. ते गेले त्या दिशेने बराच वेळ “अरे थांब, अरे बाबा” ऐकू येत होतं, आणि ते त्यांचं होतं की उंटाचं, हे मी आजही सांगू शकत नाही.

ते परतले तेव्हा सूर्य टेकला होता. उंटावर काड्यांचा भारा होता आणि त्याच्या वर आडवे भाऊजी. उतरल्यावर त्यांचे पाय उंटाच्या मापाचे झालेले, तसेच फेंगडत ते अक्कापुढे गेले आणि भारा ठेवला. हाताला ओरखडे, टोपी गेलेली, मिशीत वाळू.

अक्काने एक काडी उचलली. मोडली. वास घेतला. दुसरी मोडली.

“कपाशीन्या नही शेतस,” ती म्हणाली.

“नाहीत, अक्का.”

“मंग आग पेटाड.”

आणि त्याच वेळी थंडी पडली. पडली म्हणजे वरून टाकल्यासारखी पडली. सूर्य गेला आणि वाळू बर्फासारखी झाली. ज्या नानांनी भुसावळच्या फलाटावर पापड तळले होते त्यांचे ओठ जांभळे पडले. खिशातल्या कांद्यांचा काही उपयोग होत नव्हता. मुंबईकडून आलेली स्वेटरवाली मंडळी नाच बघायला रांगेत बसली होती, आणि आमची अख्खी बस अक्काच्या आगीभोवती कोंडाळं करून उभी होती, आधी तळहात करून, मग पाठ करून, मग पुन्हा तळहात.

वांगी पेटत्या काड्यांवर पडली. साली काळ्या झाल्या, रस ठिबकू लागला, आणि तो वास वाऱ्यावर निघाला. पहिल्यांदा मुंबईकरांच्या माना वळल्या. मग नाचणाऱ्या बायकांचे पाय चुकू लागले. मग ढोलकीवाला ढोलकीसकट आला. बायकांनी साली काढल्या, मिरच्या आणि लसूण ठेचला, खिशांतून आणि पिशव्यांतून कांदे जमा झाले. ऊन लागू नये म्हणून आणलेले ते कांदे शेवटी असे कामी आले. कोणीतरी तंबूवाल्यांच्या बट्ट्या आणल्या आणि त्यांच्याबरोबर भरीत फिरू लागलं. उंटवाला जेवला. गाईड जेवला, त्याच्या डोळ्यांतून मिरचीने पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, “ये तो हमारे बैंगन के भर्ते जैसा है.” अक्काने त्याच्याकडे पाहिलं. त्याने दुसऱ्यांदा तसं म्हटलं नाही, पण भरीत तिसऱ्यांदा घेतलं.

भाऊजींनी स्वतः अक्काला वाढलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. आम्ही सगळेच बघत होतो. अक्काने घास घेतला. चावला. आगीकडे पाहिलं. दुसरा घास घेतला. ताट संपवलं, हात धुतला आणि तंबूत निघून गेली.

परतीच्या वाटेवर भाऊजी मला विचारत राहिले, “ताट संपवलं, हे चांगलं ना?” मी म्हणालो चांगलं. “पण दुसऱ्यांदा घेतलं नाही.” मी म्हणालो ते वाईट. “मग एकंदरीत काय?” मी म्हणालो, भाऊजी, मला काय माहीत, मी वाळवंटात पहिल्यांदाच आलो होतो. गुजरात गेला, नवापूर गेलं. धुळे जवळ आलं तेव्हा वडिलांचा फोन आला की स्टूल पुसून ठेवला आहे, आणि आखूड पायाखाली पुठ्ठाही घातला आहे. भाऊजींनी खिडकीची काच वर केली.

आमचं मागे ठरलं होतं, आधी पारोळ्याच्या बायकांना सोडायचं, म्हणून बस धुळ्यात न थांबता सरळ पुढे गेली. पारोळ्याला पोचलो तर मंडळातल्या न आलेल्या बायका घोळक्याने उभ्या होत्या. त्यांच्या मागे लेकीसुना, आणि त्यांच्या मागे, वेगळं न विचारलेले, जावई. भाऊजी टपावर चढले आणि ज्या बॅगा केव्हाच सुटल्या होत्या त्यांच्या दोऱ्या सोडू लागले. मी खाली उभा राहून त्याच बॅगा पुन्हा पुन्हा वर देत होतो.

अक्का उतरली. रिकामी पोती काखेत मारली. घोळक्यातल्या एका म्हातारीने विचारलं, “काय वं अक्का, कशी झाली सहल?”

वर दोरी सोडणारे हात थांबले.

“पुढली खेपले मोयी मनाजोडे ठेवसू,” अक्का म्हणाली.